मालनची बाजू

पंखा तीनवर ठेवला तर वारा अंगाला झोंबतो आणि दोनवर ठेवला तर प्रत्येक फेऱ्याला खट् वाजतो. हणमंत खटावकर दोनचा खट् ऐकत पडला आहे. वैशाखातली दुपार आहे, जेवण उरकलंय, एक ताट आणि एक वाटी धुऊन पालथी घातली आहे. तो कूस बदलायला बघतो, कंबरेत कळ येते, आणि तो पुन्हा उताणा होतो. असं तीनदा झाल्यावर तो कंबरेला एक शिवी हासडतो आणि गप्प पडतो.

चार वाजता टेम्पो येणार आहे. पुण्याला असलेल्या त्याच्या लेकीनं, सुवर्णानं, कराडातल्याच एका दुकानातून दोन गोष्टी मागवल्या आहेत. एक नवी गादी आणि एक टॉपर. टॉपर म्हणजे दोन इंच जाडीचा फोमचा थर, जुन्या गादीवर अंथरायचा. "अण्णा, माणसं दोन्ही घेऊन येतील," सकाळी ती फोनवर म्हणाली. "टॉपरनं भागत असेल तर टॉपर ठेवून घ्या. नाहीतर नवी गादी घ्या आणि जुनी त्यांच्याबरोबर देऊन टाका." मग जरा थांबून तिनं विचारलं, "खड्डा किती पडलाय हो?"

"एक बोट," हणमंतनं सांगितलं.

चक्क खोटं बोलला. आणि बोलणारा माणूस कोण, तर बत्तीस वर्षं बसच्या सीटा बनवलेला मिस्त्री. बसची बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात त्याचं अर्धं आयुष्य फोम कापण्यात आणि त्यावर रेक्झिन चढवण्यात गेलं. बसलेल्या फोमची परीक्षा कशी करायची हे तिथं त्यानंच ठरवून दिलं होतं. या कडेपासून त्या कडेपर्यंत दोरी ताणायची आणि दोरीखाली बोटं आडवी घालायची. एक बोट गेलं तर वरून थर चालतो. दोन गेली तर खालचा फोम मेला असं समजायचं. मग त्यावर काहीही अंथरा, महिन्या-दोन महिन्यांत वरचा थर खालच्याच खड्ड्यात जाऊन बसतो. काल संध्याकाळी हणमंतनं घरातल्या गादीवर दोरी ताणली. दोन बोटं गेली आणि वर आणखी जागा उरली. त्यानं दोरी गुंडाळून खिशात टाकली, जणू कुणी बघितलं नाही म्हणजे मोजलंच नाही.

पण टॉपर घेतला तर गादी घरात राहते. त्याचं सगळं घोडं तिथंच अडलंय. मालनला जाऊन चौदा महिने झाले. दाराकडची बाजू त्याची आणि खिडकीकडची तिची, हे लग्नापासूनचं. खिडकीकडच्या बाजूला गादीत एक मोठा खोलगट खड्डा आहे. शेवटचं दीड वर्ष ती पोटाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळून होती, त्यात तो पडला. तेवढं एकच तिच्या अंगाचं काहीतरी या घरात उरलंय. साड्या तिच्या बहिणीनं नेल्या, डबे सुवर्णानं नेले. हणमंत त्या बाजूला साधं वर्तमानपत्रही ठेवत नाही. चादर बदलताना तिथं थोपटत नाही. झोपताना तोंड तिकडे करतो आणि त्या खड्ड्याकडे बघत पडतो. एकाहत्तर वर्षांच्या बाप्यानं खड्डा राखत बसायचं, हे कुणाला सांगायची सोय नाही. त्याला मालनची इतकी आठवण येते की कधी कधी त्याला स्वतःचाच राग येतो.

खट्. खट्. मग बराच वेळ काहीच वाजत नाही.

पंखा बंद पडला की काय म्हणून तो वर बघतो. वर पंखाच नाही. बसचं छत आहे, बिनरंगाचं, पत्र्यावर खडूनं काढलेल्या रेघा तशाच आहेत. म्हणजे गाडी अजून कारखान्यातच आहे. सीटांचे नुसते सांगाडे दोन्ही बाजूंना उभे आहेत. तिसऱ्या रांगेत खिडकीशी मालन बसली आहे. तिच्या मांडीवर एक छोटी वळकटी आहे, सुतळीनं बांधलेली.

"उठला का?" ती विचारते.

"झोपलोच न्हाई अजून," हणमंत म्हणतो.

"बरं," ती म्हणते. त्याच्या कुठल्याही थापेला ती इतकंच म्हणायची.

ती दिसली याचं त्याला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते तिच्या गालांचं. शेवटी शेवटी नुसती हाडं वर आली होती, आता गाल भरलेत.

"तब्येत सुधारलीया तुजी."

"तिकडं पथ्यपानी न्हाई," मालन म्हणते. "या हितं, बसा."

तो तिच्या शेजारी बसतो. सांगाड्यावर फोम नाही, तरी टोचत नाही. गाडी चालू झालेली आहे. कुणी चालवतंय असं दिसत नाही. बाहेरून त्याचंच स्वयंपाकघर मागं जातं, पालथं घातलेलं ताट, वाटी. मग दवाखान्याची लांब ओसरी जाते, तिच्यातल्या बाकांसकट. मग दवाखान्याच्या पायऱ्या थेट नदीत उतरतात.

"ह्ये काय हाय?" तो वळकटीकडे बोट करतो.

"आता मलाच इचारा," मालन म्हणते. "तुमीच धाडलीया न्हवं गुरुजींच्या हाती?"

हणमंत मान खाली घालतो. तेराव्याला शय्यादान असतं. गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर अंथरूण मिळावं म्हणून गादी, उशी, चादर, छत्री, चपला असं सगळं गुरुजींना द्यायचं. मालनचा भाऊ तेव्हा म्हणाला होता, दाजी, ताई ज्यावर निजत होती तीच गादी द्या, नाहीतर तेवढीच नवी आणून द्या. हणमंतनं ऐकलं नाही. नवी मोठी आणली असती तर सगळे म्हणाले असते, आता घरात नवी ठेवा आणि जुनी द्या. म्हणून पूजेच्या सामानाच्या दुकानातून तो दानाचा तयार संच घेऊन आला. त्यातली गादी लहान मुलाच्या पाळण्यात मावेल एवढी होती.

"पोचली म्हनायची," तो पुटपुटतो.

"पोचली की. अडीच फूट भरती." ती वळकटीवर हात ठेवते. "डोस्कं टेकलं की पाय भायेर. पाय आत घेतलं की डोस्कं भायेर. चौदा महिनं ह्योच खेळ चाललाय माजा."

ती हे चिडून म्हणत नाही. दळणात खडा निघाला असं सांगावं तशी सांगते. त्यामुळे हणमंतला जास्तच मेल्यासारखं होतं.

"चुकलं माजं," तो म्हणतो.

"घरची का दिली न्हाई?"

"दाखवतो," तो म्हणतो आणि उठतो. गाडीचं दार उघडतो तर खाली वाळू आहे. कृष्णा आणि कोयना जिथं मिळतात तिथली. पाण्यापासून चार हातांवर त्यांचा पलंग मांडला आहे, त्यावर गादी, गादीवर निळी चादर. एक बाई पलीकडे बसून धुणं धुते, ती या दोघांकडे बघतही नाही. खोलीची खिडकी तेवढी आहे, भिंतीशिवाय, पलंगाच्या बाजूला उभी. वाळू पायाला थंड लागते.

मालन त्याच्या खिशात हात घालून दोरी काढते. "धरा त्ये टोक."

"मोजलंय मी."

"म्हनून तर म्हनते, धरा."

तो दाराकडच्या कडेला टोक धरतो, ती खिडकीकडच्या. दोरी ताणली जाते. मालन वाकते आणि खड्ड्यात, दोरीच्या खाली, आपली बोटं आडवी घालते. तिची बोटं बारीक आहेत. तीन जातात, चौथं अर्धं जातं.

"लेकीला किती सांगितलंसा?"

"एक."

"मिस्त्री म्हनवता आन् वर."

"तुजी बोटं बारीक हायती."

"बरं," मालन म्हणते. "आता मला सांगा, ह्याच्यावर त्यो टॉपर टाकला तर काय व्हईल?"

नदीकाठी उभं राहून परीक्षा द्यायची वेळ येईल असं हणमंतला वाटलं नव्हतं. पण इथं त्याला खोटं बोलता येत नाही. जीभच तिकडे वळत नाही. "म्हैनाभर बरं वाटंल," तो म्हणतो. "कडक लागत आसंल तर टॉपरनं मऊ लागतं. पन हितं कडकपनाचं दुकनं न्हाई, खालचं बसलंय. वरचं बी खाली जाऊन बसनार. कंबर हाय तशीच."

"एवडं कळतंय, मग कशाला घेताय?"

"गादी ऱ्हावी म्हनून."

"आन् गादी कशाला ऱ्हावी?"

धुणं धुणारी बाई धोपटायचं थांबते आणि पुन्हा धोपटायला लागते. हणमंत चादरीतल्या खोलगट जागेकडे बोट करतो.

"तितं तू हायस," तो म्हणतो. "बाकी कुटंच न्हाईस. घरभर हिंडतो, कुटंच न्हाईस. येवड्या जाग्यात हायस. कशी दिऊ?"

मालन दोरी सोडून देते आणि त्या खड्ड्याकडे खूप वेळ बघते. डोकं एकदा इकडे कलतं करते, एकदा तिकडे. मग पलंगावर बसते आणि खड्ड्यात आडवी होऊन बघते. तिच्या खांद्याच्या दोन्ही बाजूंना भरपूर जागा उरते. ती उठून बसते.

"अवो," ती म्हणते, "ह्यात माज्यासारक्या दोन मावत्याल."

"दीड वरीस पडून व्हतीस. पसारलाय."

"फोम पसारतो व्हय आडवा?"

फोम आडवा पसरत नाही. हणमंतला ते माहीत आहे.

"मी गेल्यावर पाडव्याला गादी फिरवली व्हती का तुमी?" मालन विचारते.

हा तिचाच नियम. पाडव्याला आणि दसऱ्याला गादी फिरवायची, डोक्याकडचं टोक पायाकडे आणि पायाकडचं डोक्याकडे, म्हणजे एकाच जागी झिजत नाही. लग्नानंतर कापसाची गादी होती तेव्हापासून हा नियम फोमच्या गादीलाही चालत आला. फक्त तिच्या दुखण्याच्या दीड वर्षात तो मोडला, कारण तिला उचलून बाजूला बसवणं नको वाटायचं. ती फाल्गुनात गेली. तेरावा झाला आणि आठच दिवसांत पाडवा आला. वर्षाच्या आत गुढी उभारायची नसते. सगळ्या आळीत गुढ्या उभ्या होत्या, आणि हणमंत सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून घरात नुसता उभा होता. सणाच्या दिवशी हाताला काहीच काम नव्हतं. मग त्याला गादी आठवली. एकट्यानं ओढून, धापा टाकत त्यानं ती फिरवली. निदान हे तरी मालनच्या मनासारखं झालं असं त्याला वाटलं आणि त्या दिवसात तेवढंच काय ते बरं वाटलं.

"फिरवली," तो म्हणतो. "तूच म्हनायचीस, पाडवा चुकवू नगा."

"मग दसऱ्याला?"

"न्हाई. तवा कळलं मला, तुजा खड्डा हाय. मग हातच लावला न्हाई, औंदाच्या पाडव्याला बी."

"पाडव्याला डोस्क्याकडचं पायाकडं केलंसा."

"व्हय."

"मग खिडकीकडचं कुटं गेलं?"

डाव्या सीटचं आणि उजव्या सीटचं रेक्झिन कापताना बत्तीस वर्षांत हणमंतची एकदाही गफलत झाली नव्हती. तो मनातल्या मनात गादी फिरवून बघतो. खिडकीकडची बाजू दाराकडे येते. तो पुन्हा फिरवतो. पुन्हा दाराकडेच येते. तिसऱ्यांदा फिरवायची त्याला हिंमत होत नाही.

"चौदा महिनं माज्या जाग्यावर लोळताय," मालन म्हणते, "आन् आपल्याच खड्ड्याकडं बगून रडताय." तिला हसू आवरत नाही. ती पदर तोंडाशी धरते. "कंबर दुकनार न्हाई तर काय? माजी चोळी अंगात घातल्यागत झालंय तुमचं."

हणमंतलाही हसू येतं. तो पोट धरून हसतो आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपण रडतोय. इतके दिवस ती अंगाखाली होती आणि तो तिच्याकडे पाठ करून झोपत होता, असंही नाही, पाठ टेकूनच झोपत होता.

"मला कसं कळलं न्हाई गं?"

"तुमी तिकडं बगत व्हता."

नदी आता पलंगाच्या पायाशी आली आहे. पाणी चढत नाही, नुसतं जवळ येऊन थांबतं. धुणं धुणारी बाई गेली आहे. तिच्या दगडावर ओल राहिली आहे. दुपारच होती, अजूनही दुपारच आहे, पण उजेड कुठून येतो ते दिसत नाही.

"परत फिरवतो," हणमंत घाईघाईनं म्हणतो. "आत्ता फिरवतो. तू खिडकीकडं ये, मी दाराकडं. वर टॉपर टाकतो. तुला बी मऊ लागंल."

"किती दिस?"

"हाय तवर."

"कोन हाय तवर?"

मालन सुतळी सोडते आणि छोटी गादी पलंगाच्या कडेला उलगडून ठेवते. इवलीशी गादी. तिला त्याच्यापुढे ती उघडताना लाज वाटते आहे असं हणमंतला दिसतं, आणि ते त्याला सगळ्यात जास्त लागतं. जिनं उभ्या आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही, तिला त्यानं मागायला लावलं.

"मला पाय लांब करायचं हायती वो," ती म्हणते. "तुमी दिलं न्हाई तर मला कुनाकडनं मिळंल?"

"ती मानसं भंगारात टाकत्याल ही गादी. तुला कशी पोचंल?"

"त्ये माजं मी बगते."

बाजारात पिशवी जड झाली आणि तो घेऊ लागला की ती हेच म्हणायची. त्याचा हात बाजूला करायची आणि पुढे चालू लागायची. आताही ती उठते.

"जरा पड की हितं," हणमंत म्हणतो. "उलीसं. मग जा."

मालन त्याच्याकडे बघते. थांबावं असं तिलाही वाटतंय, हे त्याला तिच्या पायांवरून कळतं. एक पाऊल पुढे, एक अजून वाळूत रुतलेलं. मग ती दोन बोटांनी त्याच्या कपाळावरचा घाम पुसते.

"टेम्पो आला तुमचा," ती म्हणते.

दाराची बेल वाजते.

हणमंत डोळे उघडतो. नाकासमोर गज आहेत. खिडकीचे. गजांपलीकडे शेजारच्यांचं वाळत घातलेलं पांढरं धोतर आहे. त्याला क्षणभर कळत नाही की आपण कुठे आहोत, कारण पलंगाच्या या बाजूनं ही खिडकी त्यानं इतक्या जवळून कधी बघितलेली नाही.

झोपेत तो इकडे आला आहे. दोन खड्ड्यांच्या मधला उंचवटा ओलांडून, चौदा महिन्यांत पहिल्यांदा. तो हलत नाही. खांदा जिथं टेकायचा तिथं टेकलाय. कंबर पुरती खाली गेली आहे आणि तिला कुठूनही काही टोचत नाही. टाच थेट टाचेच्याच खळग्यात आहे. एवढा उंच, एवढा जाडजूड माणूस या जागेत असा बसला आहे की कुठं बोटभर फट नाही. तो हळूच कूस बदलून बघतो. कळ येत नाही. तळहात फिरवून बघतो, फोम त्याच्या अंगानं तापला आहे. ही जागा मालनची नाही. ही त्याची आहे, आणि कायम त्याचीच होती.

बेल पुन्हा वाजते. तो उठून दार उघडतो. दोन माणसं उन्हात उभी आहेत. एकाच्या खांद्यावर टॉपरची गुंडाळी आहे, दुसऱ्यानं नवी गादी भिंतीला टेकवून धरली आहे.

"काका, काय ठेवायचं? टॉपर की गादी?"

"गादी," हणमंत म्हणतो.

"मग जुनी काढू?"

"काढा. पन धा मिनटं थांबा. सावलीला बसा, पानी देतो."

तो त्यांना तांब्या आणि पेले देतो. आत येतो, खोलीचं दार लोटून घेतो आणि दाराकडच्या बाजूला आडवा होतो, जिथं तो रोज झोपतो. रोजच्यासारखीच कंबरेत कळ येते. तो उताणा असतो, पाय पसरलेले असतात. मग तो कुशीवर वळतो. शेवटच्या दीड वर्षात मालन झोपायची तसे गुडघे पोटाशी ओढून घेतो, मान आत घेतो, एक हात गालाखाली ठेवतो. आणि कंबर खाली जाते. खांदा खाली जातो. गुडघ्यांनाही तिथं जागा आहे, छोटीशी, पण आहे. कुठेच दुखत नाही.

बाहेर ती दोघं हलक्या आवाजात बोलत आहेत. हणमंत डोळे मिटत नाही. दहा मिनिटं तो तसाच गुडघे पोटाशी धरून पडून राहतो, आणि मग उठून दार उघडतो.